घरपट्टी : बिलातला हिशेब आणि बिलाबाहेरचा

महाराष्ट्रातल्या एखाद्या मोठ्या महापालिकेचे मालमत्ता कराचे बिल उलगडून पाहिले, तर त्यात एक कर नसतो, करांची उतरंड असते. सर्वसाधारण कर, पाणीपुरवठा लाभ कर, मलनिःसारण कर, पथकर, अग्निशमन कर, वृक्ष उपकर, महापालिकेचा शिक्षण कर. आणि त्यांच्या खाली राज्य सरकारचा शिक्षण कर, शिवाय मिळकत बिगरनिवासी असेल तर रोजगार हमी उपकर. शेवटचे दोन कर महापालिका नुसते गोळा करते आणि राज्याच्या तिजोरीत भरते. या कागदावर मागणी रुपया-पैशांत असते, थकबाकी असते, उशीर झाल्यास दरमहा दोन टक्के शास्ती असते, जप्तीची ताकीद असते. पथकर म्हणून घेतलेल्या रकमेतून आपल्या प्रभागातला कोणता रस्ता झाला, वृक्ष उपकरातून कुठे झाडे लागली, हे मात्र त्यावरून कळत नाही. गेली तीस वर्षे घरपट्टीच्या सुधारणेची चर्चा चालू आहे ती बिलातल्या आकड्यांभोवती: दर किती, सूत्र कोणते, सवलत कोणाला. सूत्रे बिघडली आहेत हे खरेच आहे. पण ती पुन्हा पुन्हा बिघडतात ती बिलाबाहेरच्या कारणाने. कर भरणारा, कर ठरवणारा आणि तो खर्च करणारा हे तिघे एकमेकांपासून तुटले आहेत. ती गाठ बांधली नाही, तर कितीही शास्त्रशुद्ध सूत्र आणले तरी ते पाच-दहा वर्षांत जुन्याच खड्ड्यात जाईल, असे या लेखाचे म्हणणे आहे.

आधी प्रश्नाचा आकार पाहू. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2022 मध्ये महापालिकांच्या वित्तस्थितीवर अहवाल काढला. देशातल्या महापालिकांचे एकूण उत्पन्न दशकभराहून अधिक काळ सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या जवळपास 1 टक्क्यावर थबकले आहे, असे त्यात नोंदवले होते. याच अहवालात ब्राझीलचा आकडा 7.4 टक्के आणि दक्षिण आफ्रिकेचा 6 टक्के दिला होता. मालमत्ता कर तर त्या 1 टक्क्याचाही एक छोटा तुकडा आहे. 2016-17 च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने उपग्रहचित्रांच्या आधारे अंदाज बांधला होता की बेंगळुरू आणि जयपूर ही शहरे आपल्या क्षमतेच्या 5 ते 20 टक्केच मालमत्ता कर गोळा करतात. खेड्यांची स्थिती याहून नाजूक आहे. पंचायतींच्या वित्तव्यवस्थेवरच्या रिझर्व्ह बँकेच्याच जानेवारी 2024 च्या अहवालानुसार त्यांच्या उत्पन्नात केंद्र आणि राज्यांच्या अनुदानाचा वाटा 95 टक्क्यांच्या आसपास आहे आणि स्वतःच्या करांचा जेमतेम 1 टक्का. 73 व्या आणि 74 व्या घटनादुरुस्त्यांनी 1993 मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांना घटनेत जागा दिली. बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी पाणी, रस्ते, आरोग्य, झोपडपट्टी सुधारणा, अग्निशमन अशी 18 कामे मांडली गेली. कामांची यादी घटनेने दिली. कोणते कर द्यायचे हे मात्र राज्यांच्या मर्जीवर सोडले. स्वराज्याच्या घरात चूल आली, सरपण मात्र शेजारून मागून आणायचे, अशी ही व्यवस्था झाली.

महाराष्ट्रात ही उणीव बराच काळ जाणवली नाही, कारण इथे जकात होती. जकात हा वसुलीला फार सोपा कर. नाक्यावर ट्रक अडवायचा, मालाच्या किमतीवर पैसे घ्यायचे. व्यापारी ते किमतीत मिळवणार आणि नागरिकाला आपण कर भरला हे कळणारही नाही. त्यामुळे घरपट्टी वाढवून मतदाराचा रोष ओढवून घ्यायची गरज महापालिकांना भासली नाही. नगरपालिकांची जकात 1999 मध्ये गेली. महापालिकांत 2010 पासून टप्प्याटप्प्याने तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. व्यापाऱ्यांच्या विरोधामुळे ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींहून कमी उलाढाल असलेल्यांना त्यातून वगळले गेले. 1 जुलै 2017 रोजी वस्तू आणि सेवा कर आला आणि मुंबईची जकातही संपली. त्याआधीच्या 101 व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतली जकातीची नोंदच काढून टाकली होती. बदल्यात राज्याने कायदा करून महापालिकांना दरवर्षी 8 टक्के चक्रवाढीने भरपाई देण्याचे कबूल केले. ही भरपाई तेव्हा गरजेचीच होती. पण तिचा परिणाम पाहा. मुंबई महापालिकेच्या 2025-26 च्या 74,427 कोटींच्या अर्थसंकल्पात जकातीच्या भरपाईपोटी सुमारे 14,400 कोटी अपेक्षित धरले होते आणि मालमत्ता करातून 5,200 कोटी. देशातल्या सर्वात महागड्या जमिनीवर वसलेल्या शहराला आपल्या इमारतींवरच्या करापेक्षा पावणेतीनपट रक्कम राज्याच्या धनादेशातून मिळते. शहराने मेहनत केली काय आणि नाही केली काय, हा धनादेश तेवढाच येतो. आणि तो नियमित यावा म्हणून तोंड नागरिकाकडे नव्हे, मंत्रालयाकडे करून बसावे लागते.

जकात गेल्यावर स्थानिक संस्थांच्या हाती उरलेला व्यापक पायाचा कर एकच: जमीन आणि इमारतींवरचा. हा कर मुळात स्थानिक संस्थेला शोभणारा आहे. घर पळून जात नाही, लपवता येत नाही, आणि रस्ता, पाणी, उद्यान, शाळा सुधारली की त्याचे मोल वाढते. म्हणजे खर्चाचा लाभ आणि कराचा पाया एकाच जागी असतो. पण हा पाया मोजण्याची आपली जुनी पद्धत भाड्यावर उभी होती. घर भाड्याने दिले तर वर्षाला किती भाडे येईल ते ठरवायचे, दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करायचे आणि उरलेल्या करयोग्य मूल्यावर कर लावायचा. मुंबई प्रांतात 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. पुढे 1980 मध्ये दिवाण दौलत राय कपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की करयोग्य मूल्य हे भाडे नियंत्रण कायद्याने ठरणाऱ्या प्रमाणभाड्यापेक्षा जास्त धरता येणार नाही, मालक स्वतः त्या घरात राहत असला तरीही. त्यामुळे भाड्याबरोबर घरपट्टीही गोठली. भाडेकरूला संरक्षण देण्यासाठी केलेल्या कायद्याने, कोणी तसे ठरवलेले नसताना, शहराच्या तिजोरीचे दार बंद केले.

याचा अर्थ एका गल्लीत उभे राहून समजून घेता येतो. समजा, शेजारशेजारच्या दोन सोसायट्यांत 500 चौरस फुटांचे दोन सारखे फ्लॅट आहेत. पहिल्याची आकारणी बऱ्याच वर्षांपूर्वी दरमहा चौरस फुटाला 2 रुपये भाडे धरून झाली. वर्षाचे भाडे 12,000, दुरुस्तीची वजावट जाऊन 10,800. सगळे कर मिळून 40 टक्के धरले तर बिल 4,320 रुपये. दुसरी इमारत नंतर उभी राहिली, तिला 6 रुपये दर लागला. त्याच हिशेबाने तिच्या फ्लॅटचे बिल 12,960 रुपये. दोन्ही घरांसमोर दिवा एकच, कचऱ्याची गाडी एकच, आणि बाजारात किंमतही साधारण सारखी. तरी एका घराने दुसऱ्याच्या तिप्पट भरायचे, का तर ते उशिरा बांधले. नव्या इमारतीत बहुतेकदा कर्ज काढून पहिले घर घेणारी तरुण कुटुंबे असतात. जुन्या मिळकतीला हात लावला तर ओरड होते, नवीन येणारा अजून संघटित नसतो, म्हणून वाढ नेहमी नव्यावर पडते. दुकान-कार्यालयांवरचे दर निवासी दरांपेक्षा कितीतरी चढे असतात, त्याचेही कारण हेच. दुकानाला मत नसते.

सूत्र बदलण्याचे प्रयत्न झाले आणि त्यांतून शिकण्यासारखे बरेच आहे. पाटण्याने 1993 मध्ये भाड्याचा नाद सोडून इमारतीचे क्षेत्रफळ, रस्त्याचा दर्जा, बांधकामाचा प्रकार आणि वापर यांवर आकारणी सुरू केली. कराचा दर 43.75 टक्क्यांवरून 9 टक्क्यांवर आणला तरी उत्पन्न वाढले, कारण पाया वास्तवाजवळ आला आणि निरीक्षकाच्या मर्जीला जागा उरली नाही. सर्वोच्च न्यायालयानेही ती पद्धत मान्य केली. बेंगळुरूने 2000 मध्ये स्वयंआकारणी आणली. अहमदाबाद 2001 मध्ये आणि दिल्ली 2004 मध्ये क्षेत्रफळाच्या वाटेने गेली. मुंबईने याहून मोठी उडी घेतली. 1 एप्रिल 2010 पासून तिथे भांडवली मूल्यावर कर आला: रेडी रेकनरमधला दर, गुणिले क्षेत्रफळ, गुणिले बांधकामाचा प्रकार, वापर, इमारतीचे वय आणि मजला यांचे भारांक. कल्पना उत्तम होती. पण इमारत उभी नसलेल्या जमिनीचे मूल्य ठरवताना भविष्यात मिळू शकणारा चटईक्षेत्र निर्देशांकही मोजायचा, अशी तरतूद नियमांत घातली गेली. ती वादात सापडली. उच्च न्यायालयाने 2019 मध्ये ते नियम रद्द केले आणि नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. शिवाय कायद्यातली दर पाच वर्षांची फेरआकारणी 2020 मध्ये व्हायला हवी होती, ती पुढे ढकलली गेली. ग्रामपंचायतींनाही 2015 च्या अखेरीस भांडवली मूल्याचे सूत्र मिळाले. सूत्रांची वाण आता राहिलेली नाही.

मग अडते कुठे? जगभरचा अनुभव सांगतो की मालमत्ता कराचे सूत्र चुकल्यामुळे जेवढे नुकसान होते, त्याहून जास्त ते गोठल्यामुळे होते. इंग्लंडमध्ये कौन्सिल टॅक्स आजही 1991 च्या घरकिमतींच्या पट्ट्यांवर आकारला जातो. कॅलिफोर्नियाने 1978 मध्ये जनमत घेऊन करमूल्याच्या वाढीला वर्षाला 2 टक्क्यांची मर्यादा घातली, ती घर विकले जाईपर्यंत लागू राहते. परिणामी तिथेही सारख्याच घरांत राहणारे शेजारी वेगवेगळा कर भरतात. आपल्या नगरपालिकांच्या कायद्यात दर चार वर्षांनी आकारणी सुधारायची तरतूद आहे. नगरपालिकेत काम केलेल्या कोणालाही ‘चतुर्थ वार्षिक’ हा शब्द आणि त्यामागचे नाटक ठाऊक असते. पहिल्या अंकात निवडणूक जवळ आहे म्हणून आकारणी लांबते. दुसऱ्या अंकात आठ-दहा वर्षांची वाढ एकदम अंगावर येते. खासगी एजन्सीची मुले टेप घेऊन घरोघर फिरतात, बाल्कनी खोलीत धरली जाते, पत्र्याची शेड पक्के बांधकाम म्हणून नोंदवली जाते आणि नोटिसा दुप्पट-तिप्पट आकड्यांनी येतात. तिसऱ्या अंकात हरकतींचे गठ्ठे, मोर्चा आणि मुंबईहून स्थगिती. पडदा पडतो तेव्हा आकारणी जिथे होती तिथेच असते आणि पुढच्या खेपेचा धक्का आणखी मोठा व्हायची तयारी झालेली असते. दरवर्षी दोन-चार टक्क्यांनी आपोआप सरकणारी आकारणी कोणाला टोचत नाही. दहा वर्षांनी दुप्पट होणारी आकारणी रस्त्यावर आणते. नेत्यांना मात्र ‘कोणतीही करवाढ नसलेला अर्थसंकल्प’ ही बातमी प्यारी असते, आणि ती दरवर्षी मिळाली की धक्क्याचे बीज दरवर्षी पेरले जाते.

याला जोडून सवलतींचा इतिहास पाहिला की दुखणे आणखी स्पष्ट होते. पुण्यात मालक स्वतः राहत असलेल्या घराला 1970 पासून 40 टक्के सवलत होती. ती महापालिकेच्या सभेच्या ठरावाने आली होती. राज्य सरकारने 2018 मध्ये तो ठराव मोडीत काढला, नंतर नागरिकांना फरकाच्या रकमांची बिले गेली, गदारोळ झाला आणि 2023 मध्ये राज्य मंत्रिमंडळानेच सवलत पुन्हा बहाल केली; मग आपण आपल्याच घरात राहतो हे सिद्ध करण्यासाठी लोकांनी पीटी-3 अर्ज भरले. पिंपरी-चिंचवडमध्ये अवैध बांधकामांवर 2008 पासून दुप्पट शास्तीकर लागू झाला, वर्षानुवर्षे थकत गेला, त्यावर निवडणुका लढवल्या गेल्या आणि मार्च 2023 मध्ये राज्याने तो माफ केला. मुंबईत जानेवारी 2022 मध्ये 500 चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांचा मालमत्ता कर राज्याने पूर्ण माफ केला. महापालिकेची निवडणूक तेव्हा तोंडावर होती. या तिन्ही निर्णयांच्या बाजूने काही ना काही बोलता येते. पण तिन्हींत एक गोष्ट समान आहे. कर शहराचा, तूट शहराच्या तिजोरीत, निर्णय मात्र मंत्रालयात आणि श्रेयही तिथेच. ज्याला खर्चाची चिंता नाही त्याच्या हाती माफीची लेखणी असेल, तर ती थांबेल कशाला?

घराच्या किमतीनुसार कर वाढत राहावा यावर घेतला जाणारा पहिला आक्षेप वजनदार आहे: घर हे उत्पन्न नव्हे. तीस वर्षांपूर्वी कोथरूडला किंवा दादरला घर घेतलेल्या निवृत्त माणसाच्या घराची किंमत कोटीवर गेली म्हणून त्याच्या पेन्शनमध्ये एक रुपयाही वाढलेला नाही. किमतीवर कर लावणे म्हणजे त्याला घर विकायला लावणे नाही का? अडचण खरी आहे. मात्र तिच्यासाठी सगळ्या शहराचा कर गोठवणे म्हणजे एकाच्या पायात काटा रुतला म्हणून सगळ्यांनी चालणे बंद करणे. कायद्यात यावर उपाय तयार आहे. मालमत्ता कर हा त्या मिळकतीवरचा बोजा मानला जातो, मिळकत विकली तरी तो तिच्याबरोबर जातो. याच तत्त्वावर ठरावीक उत्पन्नाखालच्या ज्येष्ठ मालकाला वाढीव कर लांबणीवर टाकण्याची मुभा देता येईल. माफक व्याजासह तो बोजा घर विकले जाईल किंवा वारसांकडे जाईल तेव्हा वसूल व्हावा. म्हणजे म्हाताऱ्या माणसाला घर सोडावे लागणार नाही आणि कोटीच्या घराचा कर वारसांच्या सोयीसाठी शेजाऱ्यांच्या माथीही बसणार नाही. घर घेताना मुद्रांक शुल्क भरलेच की, असेही म्हटले जाते. पुण्यात ते अधिभारांसह 7 टक्क्यांवर जाते; 1 कोटीच्या घरावर 7 लाख, एकदम. यातला स्थानिक संस्थेचा अधिभार 1 टक्क्याचा, मूळ शुल्क राज्याचे. घर बदलणाऱ्याला जबर दंड आणि घर धरून बसणाऱ्याला नाममात्र कर, ही उलटी रचना आहे. घरपट्टी वास्तवाजवळ येईल तसतसे मुद्रांक शुल्क कमी करण्याची हमी राज्याने दिली, तर हा आक्षेपच सुधारणेचे साधन होईल.

दुसरा आक्षेप गरिबांच्या वतीने घेतला जातो. लहान घर म्हणजे गरीब घर, त्याला कर कशाला? मुंबईत हे अर्धेच खरे आहे. 500 चौरस फुटांचे घर विरारच्या अलीकडे दहिसरलाही असते आणि मलबार हिलच्या उतारावरही. दोघांच्या किमतीत कित्येक पटींचे अंतर असते, माफी मात्र दोघांना सारखी. भांडवली मूल्याची पद्धत आणल्यावर माफीची रेषा चौरस फुटांत आखणे म्हणजे नवा तराजू आणून वजने जुनीच वापरणे. रेषा किमतीवर आखावी, आणि त्याखालच्या घरालाही शून्याऐवजी वर्षाला शे-दोनशे रुपयांचे नाममात्र बिल असावे. शून्य कर भरणाऱ्याचे नाव वसुली खात्याच्या दृष्टीने पुसले जाते. शंभर रुपयांची पावती हातात असलेला माणूस नळाला पाणी आले नाही तर ती पावती घेऊन वॉर्ड ऑफिसात जाऊ शकतो. झोपडपट्ट्यांबाबतही हेच. तिथले रहिवासी पाण्याच्या हंड्यासाठी, शौचालयाच्या वापरासाठी अनेकदा इमारतीतल्या माणसाहून महाग दर मोजतात, फक्त तो पैसा महापालिकेच्या पुस्तकात येत नाही. मुंबईने 2025-26 च्या अर्थसंकल्पात झोपडपट्टीतल्या व्यावसायिक गाळ्यांना कराच्या कक्षेत आणण्याचा मानस मांडला. त्यासोबत कोणत्या सेवा येणार हे सांगितले नाही, तर तीही नवी वसुलीच ठरेल.

तिसरा आक्षेप सर्वांत जवळचा: सेवा नाही, मग कर कसला? पुण्याच्या हद्दीत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे आली. ग्रामपंचायतीच्या काळात शेकड्यांत असलेली घरपट्टी हजारांत गेली. टँकर मात्र तोच राहिला. आकारणी पाच वर्षांत 20-20 टक्क्यांनी चढवण्याची सोय आहे, पण ती दिनदर्शिकेला बांधलेली आहे, सेवेला नाही. इथे नागरिकाची तक्रार कराच्या तत्त्वाविरुद्ध नाही; ती त्या तत्त्वाचीच आठवण करून देते. बिलातल्या करांच्या नावांतच उत्तर आहे. त्यांतला एक ‘लाभ कर’ म्हणवतो. मग नळजोड मिळेपर्यंत पाणीपुरवठा लाभ कर नको, मलवाहिनी येईपर्यंत मलनिःसारण कर नको. सर्वसाधारण कर पहिल्या वर्षापासून घ्या, बाकीचे कर त्या-त्या कामाच्या पूर्ततेला जोडा. असे केल्याने सुरुवातीला उत्पन्न घटेल हे मान्य. पण जलवाहिनी टाकण्यात महापालिकेचा स्वतःचा फायदा असल्याशिवाय ती वेळेत पडत नाही, हेही तितकेच खरे.

चौथा आक्षेप असा की पैसा खाल्ला जातो, तेव्हा जास्त देऊन उपयोग काय. या अविश्वासाला प्रशासनाने स्वतःच खतपाणी घातले आहे. थकबाकीदाराच्या दारात बँडपथक पाठवायचे आणि वर्षाअखेरीस त्याच थकबाकीदारासाठी अभय योजना काढून शास्ती माफ करायची, हा विनोद अनेक शहरांनी पाहिला आहे. एप्रिल-मेमध्ये निमूटपणे भरणाऱ्याला त्यातून एकच धडा मिळतो: थांबला असता तर बरे झाले असते. याच्या अगदी उलट टोकाला छत्रपती संभाजीनगरजवळचे पाटोदा आहे. तेव्हाचे सरपंच भास्करराव पेरे पाटील यांच्या पुढाकाराने त्या ग्रामपंचायतीने सगळे कर भरणाऱ्या कुटुंबाला गावच्या गिरणीत दळण मोफत करून दिले. अर्थशास्त्राच्या काटेकोर भाषेत दळण ही काही सार्वजनिक सेवा नव्हे. पण घरपट्टीची पावती आणि डोक्यावरचा पिठाचा डबा यांचा संबंध कोणाला समजावून सांगावा लागत नाही. महापालिका लाखो लोकांना दळण देऊ शकत नाही. पैसा कुठे गेला हे प्रभागाच्या पातळीवर सांगू नक्कीच शकते. भ्रष्टाचाराचा धाक हा कर कमी ठेवण्याचे कारण म्हणून सांगितला जातो, तेव्हा एक गोष्ट विसरली जाते. अनुदानातून आलेल्या पैशाचा हिशेब मागायला कोणी उठत नाही, कारण तो कोणाच्याच खिशातून गेल्यासारखा वाटत नाही. खिशाला जाणवणारा करच माणसाला हिशेब मागायला लावतो.

एक मर्यादा मात्र मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. घरपट्टी सगळीकडे पुरणार नाही. मराठवाड्यातली किंवा विदर्भातली लहान नगरपंचायत शंभर टक्के वसुली करूनही पाणी योजना उभारू शकत नाही. तिथे घरांच्या किमतीच तेवढ्या नाहीत. स्वबळाचा आग्रह धरून तिला वाऱ्यावर सोडणे अन्याय्य होईल. म्हणून राज्य वित्त आयोगाच्या शिफारशी वेळेवर येणे आणि पाळल्या जाणे ही या सुधारणेची दुसरी बाजू आहे. मुद्दा अनुदानाच्या आकाराइतकाच त्याच्या रीतीचा आहे. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 पासून शहरी अनुदानांसाठी मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करण्याची आणि पुढे वसुलीची वाढ राज्याच्या उत्पन्नवाढीशी जुळण्याची अट घातली. दिशा योग्य होती; पण अशी अट नुसती वरून आली की नगरपालिका ती आयोगाच्या समाधानासाठी पाळते, नागरिकाच्या नव्हे. अनुदान हे गावाची कुवत किती कमी आहे ते पाहून द्यावे, आणि त्या कुवतीतले किती प्रयत्न केले ते पाहून वाढवावे. सरकारनेही स्वतःकडे पाहायला हवे. घटनेने केंद्राच्या मालमत्ता करमुक्त ठेवल्या आहेत, तरी राजकोट महापालिकेच्या प्रकरणात 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सेवांच्या प्रमाणात 75, 50 किंवा 33 टक्क्यांपर्यंत सेवाशुल्क देण्याची व्यवस्था ठरली. नागरिकाच्या दारात बँड वाजवणाऱ्यांनी आधी सरकारी कचेऱ्यांच्या थकबाकीची यादी लावली, तर वसुलीची अर्धी लाज वाचेल.

आता सुधारणेच्या क्रमाकडे येऊ, कारण आजवरचे प्रयत्न बहुतेक क्रम चुकल्याने फसले. सरकारी शहाणपण सांगते: आधी सर्वेक्षण, मग नवे सूत्र, मग वाढ, आणि जमल्यास पारदर्शकता. उलटे करून पाहावे. पहिली पायरी हिशेबाची. प्रभागातून किती घरपट्टी जमली आणि प्रभागात किती खर्च झाला, हे दोन आकडे दरवर्षी बिलाबरोबरच द्यावेत. प्रभागात जमले ते प्रभागातच खर्चावे असा याचा अर्थ नाही. श्रीमंत वस्तीचा पैसा गरीब वस्तीत जाणे योग्यच आहे, फक्त तो जातो आहे हे दोन्ही वस्त्यांना दिसावे. दुसरी पायरी चर्चेच्या जागेची. महाराष्ट्राने 2009 मध्येच कायद्यात क्षेत्रसभा आणली, मतदारांनी आपल्या भागातल्या कामांवर बोलावे म्हणून. ती कागदावरच राहिली. पुण्यात 2006 पासून सहभागी अंदाजपत्रकात नागरिकांकडून कामे सुचवून घेतली जातात, पण त्याचा घरपट्टीशी धागा जोडलेला नाही: सुचवणारा वेगळ्या अर्जावर सुचवतो, भरणारा वेगळ्या बिलावर भरतो. तिसरी पायरी मिळकतींची नोंद पूर्ण करण्याची. शहरात उपग्रहचित्रे आणि वीजजोडण्यांच्या याद्या, खेड्यात 2020 पासूनच्या स्वामित्व योजनेची ड्रोन मोजणी. गावठाणातल्या घराला मिळकत पत्रिका मिळाली, आता ती आणि ग्रामपंचायतीची करआकारणी नोंदवही, म्हणजे नमुना 8, एकमेकांशी बोलल्या पाहिजेत. चुकवणारे घर कक्षेत आले की भरणाऱ्यावर वाढ लादावी लागत नाही. चौथी पायरी दरवर्षीच्या लहान, आपोआप होणाऱ्या सुधारणेची. आणि या सगळ्यांवर एक कायदेशीर कुलूप: राज्याने एखाद्या स्थानिक करात माफी किंवा स्थगिती दिली, तर तेवढ्या महसुलाची भरपाई त्याच वर्षी राज्याच्या अर्थसंकल्पातून द्यावी. औदार्य आपल्या खिशातून करायचे असले की हात आपोआप आखडतो.

यावर शेवटची शंका उरते: स्थानिक नेतृत्वाला हे अधिकार दिले तर तेही माफ्याच वाटतील. शक्य आहे. पण त्यांनी माफी दिली तर रस्ता त्यांच्याच प्रभागातला उखडलेला राहील आणि पाच वर्षांनी त्याच रस्त्यावरून मते मागायला त्यांनाच यावे लागेल. मंत्रालयातल्या माफीला हा रस्ता लागत नाही. मुंबई आणि पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि जानेवारी 2026 च्या मतदानापर्यंत तिथे प्रशासकांनी कारभार केला. जवळपास चार अर्थसंकल्प नगरसेवकांच्या सभेत न येता मंजूर झाले. कर मात्र त्या चारही वर्षांत वसूल होत राहिला. घरपट्टीचे सूत्र कोणते असावे यावर तज्ज्ञांचे मतभेद राहतील आणि राहू द्यावेत. भरणाऱ्याच्या प्रतिनिधीविना कर घेता येऊ नये, एवढ्यावर तरी मतभेद नसावेत. नव्या सभागृहांना सुरुवात करायची असेल तर दर आणि भारांकांपासून नको, बिलाच्या मागच्या बाजूपासून करावी. तिथे आज शास्तीचे आणि जप्तीचे नियम बारीक अक्षरांत छापलेले असतात. त्याच जागी, वाचता येईल एवढ्या अक्षरांत, गेल्या वर्षी या प्रभागात झालेल्या कामांची यादी आणि प्रत्येकासमोर रक्कम छापावी. यादीतला रस्ता खरोखर झाला आहे की नाही, हे पाहायला भरणाऱ्याला दाराबाहेर दोन पावले टाकावी लागतील, इतकेच.